हत्तीला लागलेला हात

बुद्धिबळात बायकांचा वेगळा गट कशाला असतो, हे मला कोणी शिकवू नये. परभणीला आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या गटाची टेबलं पार कोपऱ्यात, चहाच्या थर्मासजवळ लागायची. पोरी तीन नाहीतर चार. गेलं की कप ठरलेला! पहिला कप घरी आणला तेव्हा आई हरखून गेली, मला मात्र लाज वाटली. शेवटच्या डावाला समोरची पोरगी आलीच नव्हती.

म्हणून बारावीच्या वर्षी मी हट्टच धरला, खुल्या गटात खेळणार. खेळ मला बाबांनीच शिकवलेला. आमच्या सेलू गावातल्या कापसाच्या जिनिंगमधून घरी आले की चहाच्या आधी ते पट मांडायचे. पण हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "बाप्यांत कशाला जायलीस? तिकडं आपला कप हाय की." मी ऐकते कसली! शेवटी त्यांनी अट घातली. पहिल्या चारात आले तर राज्याच्या स्पर्धेला जायचं. न्हाई आले तर इथून पुढं महिला गट, आणि त्यावर चकार शब्द काढायचा नाही.

शेवटच्या फेरीला मला जिंकणं भागच होतं. समोर एका शाळेतले सर. बसता बसताच हसून म्हणाले, "बेटा, घाबरू नको हं." असं डोकं सणकलं माझं! पण मी सरळ घड्याळ चालू केलं.

तासाभरात सरांचं हसू गेलं. माझा उंट त्यांच्या हत्तीवर रोखलेला आणि हत्तीच्या मागं त्यांचा वजीर. हत्ती कुठंही हलला असता तरी वजीर गेला असता. सरांनी हात पुढं केला, हत्ती दोन बोटांत धरला, जरासा उचलला आणि चटका बसल्यागत सोडला. मग काही झालंच नाही अशा तोऱ्यात घोडा मधे आणून घातला.

हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मी घड्याळ थांबवलं, हात वर केला. पंच आले, त्यांना झालं ते सांगितलं. सर म्हणाले, "छे! मी कुठं हात लावला?" शेजारचे बाप्ये आपापल्या पटात मान घालून बसले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "म्हणून पोरींनी पोरींतच खेळावं."

पंचांनी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडं पाहिलं. तिथं बाबाच उभे होते, अगदी माझ्या पाठीशी. "तुमी बघितलं का हो?" पंचांनी विचारलं. मी वळून बाबांकडं पाहिलं आणि मनात म्हणलं, सुटले एकदाची. बाबांनी सरांकडं पाहिलं. मग खाली फरशीकडं.

"माझं ध्यान नव्हतं," ते म्हणाले.

साक्षीला कोणी नाही म्हणून पंचांनी घोड्याची चाल कायम ठेवली आणि डाव पुढं चालू झाला. पटाच्या कडेनं सरांचं एक साधं प्यादं पुढं सरकतंय, तेही मला दिसलं नाही. हरले. सर उठताना म्हणाले, "छान खेळलीस, बेटा." मला रडू आलं नाही, राग आला. सरांचा कमी, बाबांचा जास्त.

परतीच्या गाडीत बाबांनी शेंगा घेतल्या. मी पुडीकडं बघितलंही नाही. मानवत रोड मागं पडलं तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या बारीला महिला गट. तिथं असला तंटा नसतोय."

"बाबा," मी म्हणलं, "सरांनी हत्तीला हात लावला होता का न्हाई?"

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्यापुढं धरले.

"लावला होता," ते म्हणाले. "पण चारचौघांत मास्तराला खोटं कसं पाडावं? तू काय, घरचीच हायस."