सत्यशीला मावशी आणि बोर्डिंगातल्या तिघी

सत्यशीला सातवीत असताना बीडच्या एका रद्दीच्या दुकानात तिला एक जुनं पुस्तक सापडलं. कव्हर आणि पहिली आठ पानं गायब, त्यामुळं लिहिणाऱ्याचं नाव कधी कळलंच नाही. थंड हवेच्या गावी बोर्डिंगात शिकणाऱ्या तीन बहिणींची गोष्ट होती. थोरली कडक, मधली वेंधळी, धाकटी चहाडखोर. शाईचे डाग, गॅदरिंगचं नाटक, रुसवेफुगवे. सगळ्यांत वाईट काय घडतं, तर मधली भूगोलात नापास होते. असलं बोर्डिंग सत्यशीलानं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी दहावीपर्यंत आपण तग धरला तो त्या तिघींच्या जिवावर, असं ती आजही सांगते.

आता ती चाळिशीची. उमापूरजवळच्या एका गावात हंगामी वसतिगृह सांभाळते. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या पोरी तिथं येतात. दिवेलागणीला जेवणं उरकली की सव्वीस पोरी सतरंजीवर दाटीवाटीनं बसतात आणि मावशी तेच पुस्तक उघडते.

यंदा तेजश्री सगळ्यांत पुढं असायची, मांडीवर धाकट्या बहिणीचं, वर्षाराणीचं डोकं. तेजश्री तेरा वर्षांची, आठवीतली पोर. एकदा तिनं मध्येच विचारलं, "मावशी, ह्या पोरींना बघायला कुणीच कसं येत न्हाई?"

सत्यशीला हसली आणि हसता हसता थांबली. तुला कोण बघायला आलं होतं, असं तिनं हळूच विचारलं. तेजश्रीनं मावशीच्या हातातलं पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात फाटकाशी एक पांढरी जीप येऊन थांबू लागली. दोन दिवस कुणी उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी तेजश्री-वर्षाराणीचा मामा अमरसिंह उतरला. घरी देवीचा कार्यक्रम आहे, तेजश्रीला नेतो, उद्या आणून सोडतो, म्हणाला. गोड बोलत होता. पण जीपमध्ये बसलेल्या बाईच्या मांडीवर हिरवा चुडा होता. सत्यशीलानं पोरीच्या आईला फोन लावला. बंद.

"आईशी बोलल्याबिगर मी पोरगी सोडत न्हाई," ती म्हणाली.

अमरसिंह फाटकाची कडी बोटानं वरखाली करत राहिला. "नका सोडू. पर बाई, वसतिगृह काय बारा म्हैने चालतं व्हय?"

तिनं लगेच हेल्पलाइनला फोन केला. ग्रामसेवक आले, पोलीस आले. बापाला उसाच्या फडावरून बोलावून घेतलं. अठरा पूर्ण होईस्तोवर लग्न करणार नाही, असं बापानं आणि मामानं लिहून दिलं. सगळे निर्धास्त झाले. सत्यशीला मात्र त्यानंतर रोज दोनच पानं वाचायला लागली, जणू त्यानं हंगाम लांबणार होता.

मार्चअखेर कारखाने बंद झाले. बाप पोरींना न्यायला आला. त्यानं हात जोडले, पण नजर वर केली नाही. निघताना तेजश्रीनं पुस्तक मागितलं. सत्यशीलानं ते तिच्या पिशवीत घातलं.

जूनमध्ये शाळा भरली त्या दिवशी ती मुद्दाम शाळेत गेली. वर्षाराणी एकटीच बसली होती. "ताई आत्याकडं गेलीय," पाठ केल्यासारखं तिनं सांगितलं. आत्याचं गाव कोणतं, तर मांजरसुंब्याच्या बाजूला कुठंतरी. मग फ्रॉकचं टोक पिळत तिनं विचारलं, "मावशी, मला पन न्हेणार हायत का?"

सत्यशीला तशीच हमीपत्राची नक्कल घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तक्रार लिहून घेतली गेली. घरचे आत्याचं नाव सांगतात, गाव मात्र प्रत्येकजण वेगळं सांगतो.

आता दर शनिवारी ती एसटीनं मांजरसुंब्याला उतरते. आधी शाळेत, मग अंगणवाडीत, मग पाणवठ्यावर विचारते. अकरा गावं झाली. कालच्या गावात एका म्हातारीनं सांगितलं, अशी एक नवी सून हाय खरी, पर तिला भाईर येऊ देत न्हाईत. घर कोणतं, ते मात्र तिनं सांगितलं नाही.