अर्धी पुरणपोळी

बनारसमध्ये मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास आता मराठी घरं थोडीच उरली आहेत. त्यामुळे श्रावणात सवाष्णींचा तुटवडा पडतो. लग्न होऊन इथे आल्यापासून मी दर श्रावणी शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी पुरणपोळी जेवत आले. नवरा धडधाकट, मी मनापासून खाणारी, आणि वाढणाऱ्याला नाही म्हणायची सवय नाही. अशी सवाष्ण सगळ्यांना हवी असते.

दोन वर्षांपूर्वी मला डायबिटीस निघाला. त्याच दिवशी चहातली साखर बंद केली. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी पेढे वाटले की "मी सोडलंय" असं जरा ठसक्यात सांगायची. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, तर आकडा जवळजवळ होता तिथेच. डॉक्टर हसून म्हणाले, "चोरी-छिपे मीठा चल रहा है ना?" मला इतका राग आला की टेबलावरचा रिपोर्ट मी ओढूनच घेतला.

त्यांनी आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. माझी विद्यार्थिनी शोभेल एवढी मुलगी. म्हणाली, "कल सुबह से क्या-क्या खाया, सब बताइए."

मी सांगत गेले. सकाळी बटाटा घालून पोहे. दुपारी चार पोळ्या, बटाट्याचीच भाजी, वर वरण-भात. चार वाजता दोन केळी, फळ चांगलं म्हणून. मग मुरमुरे, आणि रात्री परत पोळ्या नि भात. तिने कागदावर एकेका पदार्थाखाली रेघ मारली. वरण सोडलं तर सगळ्यांखाली रेघ आली.

"मैडम, चीनी तो आपने छोड़ दी. पर ये सब भी अंदर जाकर शक्कर ही बनता है."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी बटाट्याच्या फोडीवर आणि शितांवर आयोडीनचे थेंब टाकते. निळा-काळा रंग आला की मुलींकडून वदवून घेते, यात स्टार्च आहे, पचल्यावर त्याचं ग्लुकोज होतं. इतकी वर्षं हे फळ्यावर लिहिलं, आणि स्वतःच्या घरात मला फक्त साखरेचा डबा दिसला. त्या खुर्चीत बसून मान खाली गेली.

त्या मुलीने काहीच बंद करायला लावलं नाही. एक पोळी आणि लहान वाटीभर भात साधारण सारखेच धरायचे, एक हवं तर दुसरं कमी. भाजी, वरण, दही वाढवायचं. फळ एका वेळी एकच, तेही लहान. गोळ्या चालू आहेत म्हणून जेवण चुकवायचं नाही. जेवल्यावर दोन तासांनी बोट टोचून स्वतः बघायचं.

मुलाने ऐकलं आणि फर्मान काढलं, "आई, तू चावल बंदच कर ना. टेंशनच खतम."

"मी मरेपर्यंत भात खाणार आहे," मी म्हटलं. "किती, ते मी ठरवीन. तू नाही."

श्रावण लागला. पहिल्याच शुक्रवारी माझ्या चुलत सासूबाईंनी आम्हा दोघांना मेहूण म्हणून बोलावलं. त्या बालाजी घाटाजवळ राहतात, आम्ही त्यांना काकू म्हणतो. पाटावर बसले तशी त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुझ्यासाठी मुद्दाम गुळाचं पुरण केलंय. साखरेचा कण नाही."

"काकू, गुळाचीही साखरच होते. कणकेचीसुद्धा. मला अर्धी पोळी वाढा, भात नको. कटाची आमटी आणि कोशिंबीर मात्र भरपूर."

त्यांचा हात थांबला. "सवाष्ण अर्धपोटी उठली तर देवीला काय सांगू मी?"

"अर्धपोटी कशाला उठेन? आमटी दोनदा मागणार आहे."

नवरा हळूच म्हणाला, "एका दिवसाने काय होतंय?"

"हा एक दिवस दर शुक्रवारी येतो."

काकूंनी अख्खी पोळी वाढली, वर तुपाची धार. मी ती मोडली आणि उष्टी होण्याआधी अर्धी नवऱ्याच्या ताटात ठेवली. तो खाली मान घालून जेवत राहिला.

"शिकलेल्या बायकांना व्रताचं काय," काकू म्हणाल्या.

"व्रत तुमचं आहे काकू, रक्त माझं आहे."

ओटी भरताना काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन बोट टोचलं. आकडा माझ्यासाठी ठरवलेल्या मर्यादेत होता. मी तो वहीत लिहिला, तरी डोळे भरून आले.

पुढच्या शुक्रवारी काकूंनी रेल्वे क्वार्टर्समधली एक नवी सून बोलावली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दिवसभर फोनकडे लक्ष होतं. शेवटच्या शुक्रवारी मात्र युनिव्हर्सिटीतल्या एका बाईंनी आमंत्रण देतानाच विचारलं, "तुम्हाला काय काय चालतं?" मी फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी तसंच वाढलं, आणि त्यांची देवी काही रुसली नाही.

दिवाळीच्या आधीच्या रिपोर्टात तीन महिन्यांची सरासरी खाली आली होती. अजून उतरायला हवी, पण उतरली. काकूंनी परत बोलावलेलं नाही. गल्लीत भेटल्या की मी वाकून नमस्कार करते, त्याही आशीर्वाद देतात. माफी मात्र मी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही.