आखाजीचा उंबरा

"ताई, दारापर्यंत जाऊन परत या," जळगावचे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले. मी गेले, आले. त्यांनी पुन्हा पाठवलं. मग समोर बसवून म्हणाले, "चालताना तुमचा उजवा हात हलत नाही. कधी लक्षात आलं होतं?"

मी काही बोलायच्या आत आमचे हे म्हणाले, "हलेल कसा, डॉक्टर? त्या हातात पिशवी असते तिच्या." त्या दिवशी पिशवी यांच्याच मांडीवर होती.

डॉक्टर हसले, पण थोडंच. मला कागदावर दोन ओळी लिहायला लावल्या, अंगठा आणि तर्जनी पटापट जुळवायला सांगितलं, मनगट धरून गोल फिरवलं. मग म्हणाले, "याला पार्किन्सन्स म्हणतात." मेंदूत डोपामाइन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याच्यामुळे आपल्या हालचाली विचार न करता होतात. ते कमी पडायला लागलं की माणूस मंदावतो, अंग ताठरतं, पुष्कळांचा हात थरथरतो. माझा थरथरत नव्हता, म्हणून तर इतके दिवस कुणाला शंका आली नाही. "हा बरा होणारा आजार नाही," ते म्हणाले, "पण सांभाळता येतो. नीट औषधं घेतली तर पुष्कळ वर्षं."

मी विचारलं, "आखाजीला माहेरी जाता येईल ना?"

त्यांना वाटलं असणार, म्हातारीला आजार कळलाच नाही. मला चांगला कळला होता. पण पहिला विचार तोच आला, त्याला मी काय करू?

ज्यांच्या घरात हे नाव नुकतंच शिरलंय त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी धुळ्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. हे बसमध्ये कंडक्टर होते. आम्ही दोघंही निवृत्त झालो, पण माझी शिकवायची आणि यांची "पुढं चला" म्हणायची सवय काही निवृत्त झाली नाही.

सुरुवात कशी झाली ते आता मागे वळून पाहिलं की कळतं. आधी वास गेला. फोडणी करपली तरी मला पत्ता नाही, हे बाहेरच्या खोलीतून ओरडत यायचे. मग अक्षर बारीक झालं. जन्मभर फळ्यावर टपोरं लिहिणारी बाई मी, आणि किराण्याची यादी वाचायला दुकानदाराला चष्मा लागायला लागला. मग उजवा खांदा धरला. वाताचं असेल म्हणून तेल चोळलं, शेक घेतला, हाडांच्या डॉक्टरांकडे खेपा घातल्या. कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. आजारच लबाड आहे, दुसऱ्याचे कपडे घालून येतो.

औषध सुरू झालं आणि मला वाटलं, संपला आजार. भाकरी पुन्हा गोल व्हायला लागली. लेव्होडोपा म्हणतात त्या गोळीला, तिच्यापासून शरीर डोपामाइन बनवतं. गोळी घड्याळ लावून घ्यायची आणि डाळ-दूध तिच्या आड येतं म्हणून ते तिच्या वेळेपासून लांब ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खानदेशी माणसाला वरणाची वेळ सांगायची म्हणजे काय! पण पाळलं.

दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले आणि पाय उचलेनात. दुखत नव्हते, बधिर नव्हते. जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. मनात म्हणत होते चल, आणि पाय ऐकत नव्हते. हे मागून आले, हात धरला आणि ओढायला लागले. "चल ना. पुढं चल. पुढं चल." मी पुढं पडले. नशीब, भिंत जवळ होती.

डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, फ्रीझिंग ऑफ गेट. गेट म्हणजे चाल. चाल गोठते. दारात, अरुंद जागी, वळताना, घाईत, आणि लोक बघत असले की जास्त.

त्या वर्षी मी आखाजीला गेले नाही. भावाला फोनवर सांगितलं, ऊन फार आहे. खरं कारण म्हणजे सगळ्यांसमोर दारात खुंट होऊन उभं राहायची मला लाज वाटली.

आखाजीला न जाणं म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि आमच्या घराची गोष्ट तर आणखी वेगळी, कारण आमचं माहेर आम्ही बैलगाडीतून नेऊन वसवलं.

मी सात-आठ वर्षांची असेन. आमचं मूळ गाव पाचोऱ्याच्या बाजूला, गिरणेच्या काठावर. शेताच्या वाटण्या होत होत आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वाट्याला अंगण म्हणावं एवढंच रान उरलं. कुणीतरी सांगितलं, पश्चिमेला, दोंडाईचाच्या पुढे तापीकडे काळी जमीन आहे, पण सगळी बोरी-बाभळींनी भरलेली. जो काटे काढील त्याला परवडेल अशी. आबांनी जाऊन पाहिली, मूठभर माती धोतराच्या सोग्यात बांधून आणली आणि मायला दाखवली. मायनं मातीकडे पाहिलं नाही. तिनं विचारलं, "पानी कितलं लांब शे?"

तीन कुटुंबं निघाली. गाड्यांवर तट्ट्यांची छप्परं, आत बी-बियाणं, भांडी, जातं, आणि जात्यावर बसलेल्या आम्ही पोरी. गाडीखाली पाण्याचा माठ आणि वंगणाचं नळकांडं लटकायचं. गाव गोळा झालं होतं. "तथा काय पिकस? काटा!" तिकडे काय पिकतं, काटे, असं म्हणत लोक हसत होते आणि डोळेही पुसत होते. भाऊ, माझा थोरला भाऊ, मिसरूड फुटायच्या वयाचा, आमच्या गाडीच्या पुढे चालत होता.

आणि पहिल्याच दिवशी, गाव मागे दिसत असताना, गिरणेच्या उतारावर आमचा धवळ्या अडला. पाणी गुडघाभरही नव्हतं. जोडीचा बैल पाण्यात शिरायला तयार, पण धवळ्यानं चारही पाय वाळूत रोवले. मागच्या गाड्या खोळंबल्या. कुणी वेसण ओढली, कुणी शेपटी पिरगाळली, भाऊंनी चाबूक उचलला. जितकं ओढावं तितका तो मागे रेटत होता.

आबा गाडीवरून उतरले. भाऊंच्या हातातला चाबूक काढून घेतला आणि म्हणाले, "ओढू नका त्याले. तो आडेल नही, घाबरेल शे." अडून बसलेला नाही, घाबरलेला आहे.

मग त्यांनी उलटंच केलं. दोन्ही बैलांना एक पाऊल मागे घेतलं. धवळ्याच्या मानेवर हात ठेवून त्याला जरा या अंगावर, जरा त्या अंगावर डोलू दिलं. ओंजळीनं गिरणेचं पाणी आणून त्याच्या पुढच्या पायांवर ओतलं. "पाय वल्ला व्हयना का भ्याव जास," एवढं म्हणाले आणि कासरा सैल सोडला. पाय ओला झाला की भीती जाते. धवळ्या चालत पाण्यात शिरला, गळ्यातले घुंगरू वाजवत, जसं काही झालंच नव्हतं.

त्यानंतर बोरी नदी आली, पांझरा आली. धवळ्या कुठेच अडला नाही. तीन दगडांवर शिजलेली खिचडी, हिरव्या मिरचीचा ठेचा, दिवस मावळायच्या आत सोडलेले बैल, चाकांच्या आवाजात लागलेली झोप. आज धुळ्याहून माहेरी मोटारीनं जाताना एक झोपसुद्धा पुरी होत नाही. त्या प्रवासाची चव मला आजही जिभेवर येते, वास गेला तरी.

नव्या जागी पहिली आखाजी आली तेव्हा माय दिवसभर रडली. तिचं माहेर गिरणेपलीकडे राहिलं होतं. बाभळी तोडून फक्त एक निंब ठेवला होता, त्याला आबांनी आम्हा पोरींसाठी झोका बांधला, पण मायनं त्याला हात लावला नाही. म्हणाली, जिथं लेक आखाजीला येत नाही ते गाव नव्हे, मुक्काम.

पुढे मी मोठी झाले. त्या वस्तीतून लग्न होऊन गेलेली पहिली मुलगी मी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी आले तेव्हा मायनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेक उनी. आते हाई आपलं गाव." लेक आली, आता हे आपलं गाव. त्या दिवशी ती पहिल्यांदा झोक्यावर बसली. त्यानंतर बाळंतपणं, बदल्या, सासूचं आजारपण, काहीही असलं तरी मी आखाजी चुकवली नव्हती. चुकवली ती या आजारानं.

म्हणून मी ठरवलं होतं, पुढच्या आखाजीला जायचं आणि माहेरचा उंबरा आपल्या पायांनी ओलांडायचा. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. व्यायामातून चाल सुधारायची. शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिनं मला दारात अडू दिलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "आजी, पायांशी भांडू नका. थांबा. वजन डाव्या पायावर, आता उजव्यावर. डोला जरा. एक पाऊल मागे घ्या. आता पुढचं मोठं पाऊल टाका. आणि आजोबा, तुम्ही ओढायचं नाही."

मला इतकं हसू आलं की ती घाबरली. तिला काय सांगू? हे मी गिरणेच्या उतारावर पाहिलं होतं.

यांना मात्र शिकायला वेळ लागला. सगळा जन्म माणसांना पुढं ढकलण्यात गेलेला. शेवटी यांनी आपल्या धंद्यातलाच उपाय काढला. मी अडले की मागे उभे राहायचे, भिंतीवर थापा मारायचे आणि बस स्टँडवर गाडी मागे घेताना म्हणतात तसं म्हणायचे, "येऊ द्या… येऊ द्या… बस!" मी एक पाऊल मागे यायची, आणि मग पुढं निघायची. शेजारीण म्हणाली, अक्का, तुमच्या घरी गाडी घेतली वाटतं.

आखाजीला निघालो तेव्हा मुलानं गाडीच्या डिकीत चाकाची खुर्ची टाकली. खुर्चीत बसणं वाईट नाही, पडण्यापेक्षा तर लाख पटीनं बरं. पण त्या दिवशी मला नको होती.

गाडी थांबली. निंबाला झोका बांधलेला होता. भाऊ आता ऐंशीच्या पुढे, काठी टेकत ओट्यावर उभे. भाचरं, सुना, नातवंडं, सगळी गोळा झालेली. मी अंगण नीट ओलांडलं. आणि उंबऱ्यासमोर आले तशी पायांनी जमीन धरली.

सगळे बघत होते. जितके बघत होते तितके पाय जड होत होते. "आत्या, चला ना." "धर रे आत्याला." कुणी दंड धरला, कुणी पाठीला हात लावला. मी डोलायचा प्रयत्न करत होते, पण इतक्या हातांत डोलणार कशी? मुलगा डिकीकडे वळला. मला रडू फुटलं.

"हात काढा रे बठ्ठा!" भाऊ ओरडले. मग काठी आपटत पुढं आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि हळू म्हणाले, "ओढू नका तिले. ती आडेल नही, घाबरेल शे."

सगळे हात सुटले. मागून यांचा आवाज आला, "येऊ द्या… येऊ द्या…" मी डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, एक पाऊल मागे आले. वहिनी तांब्या घेऊन उभीच होती. तिनं भाकरतुकडा ओवाळला आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. माठातलं गार पाणी, बोटांच्या फटींतून वाहिलं.

मी पाऊल उचललं. उंबऱ्याच्या आत टाकलं. दुसरंही आलं.

भाऊंना बहुतेक मायसारखं मोठ्यानं बोलायचं होतं. पण "लेक उनी," एवढंच म्हणाले आणि काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

खुर्ची वाया गेली नाही. भाऊ उभं राहून दमले तेव्हा तेच तिच्यात बसले आणि दुपारभर निंबाखाली आमचा झोका बघत राहिले.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, गोळीची वेळ पाळा, व्यायाम सोडू नका, काहीही नवं करायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि दारात अडलेल्या माणसाला ओढू नका. तो हट्टानं उभा नसतो. माझ्या डॉक्टरांचे, त्या पोरीचे आणि गाडी मागे घेणाऱ्या माझ्या नवऱ्याचे उपकार मी कुठं फेडू?

आजार पुढे जाणार आहे, हे मला माहीत आहे. एखाद्या आखाजीला मी त्याच खुर्चीत बसून येईन. तशी आले तरी आधी पायांवर पाणी घालायचं आणि मगच आत न्यायचं, असं मी वहिनीला सांगून ठेवलं आहे.