तोइवो मंचावर चढला

मिशिगनच्या पार उत्तरेला, कागदाच्या गिरणीवर जगणाऱ्या गावात आयली हेइकिनेनला ओळखत नाही असं घर नव्हतं. चार वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार युनियनच्या हॉलमध्ये आला होता. "मी असेपर्यंत ही गिरणी बंद पडणार नाही," असं तो म्हणाला, आणि गिरणीत बंडलं बांधणाऱ्या आयलीनं ते खरं मानलं. गुडघाभर बर्फातून दारोदार फिरून तिनं त्याच्यासाठी मतं मागितली. तो निवडून आला. दुसऱ्याच वर्षी गिरणीला टाळं लागलं, आणि तो पुन्हा इकडे फिरकला नाही.

आता पुढच्या मुदतीसाठी पक्षाचा उमेदवार ठरवायची, पक्षांतर्गत निवडणूक आली. राष्ट्राध्यक्षांसमोर उभा होता तो एकच, कुणी नावही न ऐकलेला वकील. पण मतपत्रिकेच्या तळाशी आणखी एक चौकोन होता: 'कुणाशीही बांधील नाही', म्हणजे यांतला कुणीच नको.

"जिंकणार राष्ट्राध्यक्षच," आयली युनियनच्या अध्यक्षाला, तोइवो लाम्पिनेनला म्हणाली. "पण आपल्या गावातून तरी त्याला चपराक बसू दे."

तोइवो तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस. "चपराक कसली, कानाखाली जाळ काढू!" तो म्हणाला. "तू पुढे हो. युनियनची मतं माझ्याकडे लागली."

आयली पुन्हा दारोदार निघाली. लोक आधी विचारायचे, "तोइवो आहे ना यात?" ती हो म्हणाली की मान डोलवायचे.

मतदानाच्या आदल्या रविवारी हॉलमध्ये सभा भरली. आयली पहिल्या रांगेत बसली. तोइवो मंचावर चढला, तेव्हा त्याच्या कोटावर राष्ट्राध्यक्षांचा बिल्ला होता.

"आपली युनियन राष्ट्राध्यक्षांच्या पाठीशी ठाम उभी आहे!"

पाठोपाठ पक्षाच्या माणसानं जाहीर केलं, की पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला या भागातून राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी म्हणून तोइवो जाणार. टाळ्या पडल्या. आयलीचे हात मांडीवरच राहिले.

बाहेर गाड्यांपाशी तिनं त्याला गाठलं.

"मला तोंडघशी पाडायचंच होतं, तर आधी सांगायचंस तरी."

"आयली, तो निवडून येणारच आहे गं. बाहेर थंडीत बोंबलण्यापेक्षा आत बसलेलं काय वाईट? आपलंच काम होईल."

"आपलं?" ती म्हणाली. "माझ्या टेबलाशी बसलास तेव्हा हे ठरलं होतं का?"

तोइवोनं खाली बघत बुटांवरचा बर्फ झटकला.

मंगळवारी आयलीनं तळाच्या चौकोनावरच खूण केली. राष्ट्राध्यक्षांनी सगळं राज्य सहज खिशात घातलं. आयलीच्या गावात त्या चौकोनाला बोटांवर मोजण्याइतकी मतं पडली.

"एवढा राग त्या राष्ट्राध्यक्षांवर?" चर्चबाहेर शेजारणीनं विचारलं.

"तो परकाच गं. त्याला माझं घरही ठाऊक नाही," आयली म्हणाली. "तोइवोला माझी किल्ली कुठे असते तेही ठाऊक आहे."

घरी येऊन तिनं पायरीखालची किल्ली काढली आणि खिशात टाकली.