गिनीपिग कुणाकडे राहणार

माझ्या मुलीला गिनीपिग पाळायचे आहेत हे मला तिने सांगितलं नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून कळलं, आणि ते स्टेटसही तिच्या आईच्या नवऱ्याचं. फोटोत जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे, कात्री, डिंकाची बाटली असा सगळा पसारा आणि त्यात माझी अकरा वर्षांची मुलगी जीभ किंचित बाहेर काढून पट्टीने रेघ मारतेय. खाली ओळ होती, ‘नव्या पाहुण्यांची तयारी’. जीभ बाहेर काढून रेघ मारायची सवय तिने माझ्याकडून उचललीय. ती त्याच्या टेबलावर बघून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढचा महिनाभर थांबलं नाही.

आमच्या घटस्फोटाला तीन वर्षं झाली. मुलगी सोमवार ते शुक्रवार आईकडे असते, अमृतधामला. शनिवार-रविवार माझ्याकडे, सिडकोतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिच्या आईने दोन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं. त्या गृहस्थाला मुलगी काका म्हणते, म्हणून मीही इथे काकाच म्हणतो. विम्याच्या ऑफिसात कारकून आहे. माणूस वाईट नाही, आणि तोच खरा त्रास आहे. दारू पीत असता, निदान मुलीवर ओरडत असता, तर मला शांत झोप लागली असती.

माझ्याकडे एक छोटंसं समाधान शिल्लक होतं. ती मला ‘तू’ म्हणायची आणि त्याला ‘तुम्ही’. पण त्याच आठवड्यात मी तिच्या आईला फोन केला असताना मागून आवाज आला, “काका, तू टेप कुठे ठेवलीस?” त्या दिवशी कंपनीत मी एका चांगल्या कामगारावर उगाचच ओरडलो.

शनिवारी मी विषय काढला. “गिनीपिग म्हणे?”

“हो. दोन आहेत, बहिणी आहेत. कॉलेज रोडच्या एक काकू आहेत, त्यांच्याकडे कुणीतरी सोडून गेलंय. आधी त्या सगळी तयारी बघणार आणि मगच देणार.”

“मग इकडे राहू देत की. माझ्याकडे जागा आहे.”

तिने खांदे उडवले आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली. शनिवारी तिचं असंच असतं. आली की संध्याकाळपर्यंत आतल्या खोलीत. रविवारी दुपारी कुठे जरा खुलते, हसते, शाळेतलं काहीबाही सांगते, तोवर पाच वाजतात आणि तिला सोडायची वेळ होते. तिकडे काका तिचे कान भरत असणार, अशी माझी पक्की खात्री होती.

मग मी मनाशी ठरवलं की गिनीपिग माझ्याचकडे येणार. जिथे ते, तिथे मुलगी, एवढं साधं गणित होतं. आणि पिंजऱ्याच्या बाबतीत मला कोण हरवणार? अंबडला फॅब्रिकेशनच्या कंपनीत वीस वर्षं काढलीत मी. काकाला बल्ब बदलायलासुद्धा वायरमन लागतो.

चार दिवस शिफ्ट संपल्यावर कंपनीतच थांबून मी पिंजरा केला. लोखंडी अँगलची चौकट, सगळ्या बाजूंनी बारीक जाळी, तळालासुद्धा जाळीच, म्हणजे लेंड्या थेट खालच्या ट्रेमध्ये पडतील. ट्रे सरकता. खाली चाकं. वर पांढऱ्या रंगाचं पावडर कोटिंग. आमचा वेल्डर निफाडकडचा आहे, तो पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “साहेब, लय भारी झालंय. यात शेळी बी राहील.” मी इतका खूश झालो की त्याला चहा पाजला.

पुढच्या शनिवारी मुलीने पिंजऱ्याचं दार उघडून आत हात घातला आणि तळाच्या जाळीवर तळवा दाबून धरला. काढला तेव्हा तळव्यावर चौकटी चौकटी उमटल्या होत्या.

“बाबा, खाली जाळी नाही चालत. त्यांचे पाय मऊ असतात, जखमा होतात.”

“मग तुझ्या काकाने कशाचं केलंय?”

“प्लास्टिकच्या शीटचं. खाली सपाट आहे. त्यावर जुनं ब्लँकेट.”

जुनं ब्लँकेट! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरीही दुपारभर घाम गाळून जाळीवर प्लायवूड बसवलं, कडा घासल्या. तळाला प्लायवूड आल्यावर खालचा ट्रे निव्वळ शोभेचा राहिला. मग मी गोठेवाल्याकडून हिरवागार लसूणघास आणला. शेतकऱ्याच्या घरात वाढलोय, जनावराला काय लागतं ते मला कुणी शिकवायला नको. मुलगी म्हणाली, मोठ्या गिनीपिगला लसूणघास रोज चालत नाही, मुतखडा होतो, वाळलेलं साधं गवत लागतं. ते काकाने आधीच मागवून ठेवलं होतं. अर्थातच.

शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही चौघंही कॉलेज रोडला त्या बाईंच्या घरी बसलो. मी माझ्या पिंजऱ्याचे फोटो दाखवले, सात फोटो होते. काकाने एकच दाखवला, त्यातही टेप वाकडी दिसत होती. दोन्ही गिनीपिग आमच्यासमोर होत्या. एक तपकिरी, एक पांढरी-काळी. एकमेकींना चिकटून एका उलट्या टोपलीखाली बसलेल्या, फक्त नाकं बाहेर.

बाईंनी दोन्हीकडे नीट विचारपूस केली. उन्हाळ्यात दुपारी घरात कोण असतं? काका म्हणाला, त्याची आई असते. माझ्याकडे दुपारी कुणीच नसतं. मला हातातून सगळं निसटताना दिसलं, म्हणून मी घाईघाईने तोडगा सुचवला.

“असं करू. सोमवार ते शुक्रवार त्यांच्याकडे, शनिवार-रविवार माझ्याकडे. मुलीबरोबरच येतील आणि जातील. मी छोटी पेटी करून देतो.”

बाई मान हलवायला लागल्या. “नाही हो. जागा बदलली की ही जनावरं दोन-दोन दिवस कोपऱ्यातून हलत नाहीत. नीट खातही नाहीत.”

“सवय होते हो,” मी म्हणालो. “आमची मुलगीच बघा ना, तीन वर्षं येते-जाते. तिला काही झालं का?”

काकाने मान खाली घातली, आणि त्याच्या त्या समजूतदारपणाचासुद्धा मला राग आला.

मुलगी टोपलीपाशी उकिडवी बसली होती. मागे न बघता ती म्हणाली, “मला पण दोन दिवस लागतात, बाबा. तोपर्यंत रविवार संपतो.”

तक्रार करावी तशी नाही. लसूणघासाचं सांगितलं होतं ना, तशीच साधी माहिती द्यावी तशी ती बोलली.

मी बाईंना म्हणालो, “त्यांच्याकडेच द्या.” यात मी मोठं मन दाखवलं असं कुणी समजू नये. मला फक्त त्या खोलीतून लवकरात लवकर बाहेर पडायचं होतं. घरी येऊन तो पिंजरा गॅलरीत ढकलला. राग काकावर काढायची इतकी सवय झाली होती की त्या दिवशी तो कुठे काढायचा तेच कळेना.

दोन दिवसांनी तिच्या आईला फोन केला. म्हणालो, यापुढे शनिवारी मीच तिला भेटायला तिकडे येत जाईन. तिला माझ्याकडे पाठवायचं ते लागून सुट्ट्या असतील तेव्हा, चांगली आठवडाभर. ती म्हणाली, “नक्की? काही झालंय का?” मी म्हणालो, “काही नाही.”

पहिल्या शनिवारी द्वारका चौकातल्या गर्दीत अडकून उशिराच पोचलो. दार काकाने उघडलं. “या, या, बसा.” मी सोफ्याच्या अगदी कडेला बसलो. चपला बाहेर काढल्या होत्या त्या ठीक जागी काढल्या की नाही याचाच विचार करत राहिलो. काकाने ढोबळी मिरचीच्या फोडी आणल्या, आणि त्याच्या पायांचा आवाज ऐकूनच त्या दोघी शिट्ट्या मारत पळत बाहेर आल्या. त्याच्या हातून खायला लागल्या. माझी मुलगी त्याला चिकटून बसली होती आणि कुठली जास्त खादाड आहे ते मला सांगत होती. सलग बोलत होती, शनिवार असूनही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या वर नुसता जळफळाट होता, खोटं कशाला सांगू.

काकाच्या आईने आग्रहाने आधी पाणी दिलं, मग सरबत, मग चहा. मी नाही म्हणू शकलो नाही. अर्ध्या तासाने मला बाथरूमला जावंसं वाटायला लागलं. समोर दोन बंद दारं होती. विचारायला तोंड उघडेना. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, मी एक पाय दुसऱ्यावर टाकला, परत खाली घेतला, घड्याळ बघितलं, आता निघतो असं म्हणायच्या बेताला आलो.

मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि कानाशी तोंड आणून कुजबुजली, “डावीकडचं दार. दिवा बाहेरून लागतो.”

“तुला कसं कळलं?”

“मला पण पहिल्यांदा विचारायला लाज वाटायची. मी धरून बसायचे.”

माझ्या जिवाला एकदम बरं वाटलं. काकाच्या घरात तिलाही परकं वाटत होतं तर! मी तिच्याकडे वाकून विचारलं, “इथे ना?”



“दोन्हीकडे,” ती म्हणाली.