उपाशीपोटी तेल

सुईकाकांनी उभा जन्म लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं होतं. त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या गाडीच्या इंजिनाची तब्येत बघायला तेल तपासणीला पाठवायचं ठरलं, तेव्हा बाटली त्यांनी स्वतःच भरली. काकूंनी बजावलं, "रिपोर्ट वाईट आला तर गाडी सरळ भंगारात. मग रुसायचं नाही!"

रिपोर्ट वाईटच आला. तेलात लोखंडाचा चुरा इतका, की इंजिन आतून झिजत चाललंय असंच कुणीही म्हणालं असतं. काकांचा चेहरा पडला. त्यांनी तेल तपासणाऱ्या बाईंना फोन लावला.

"तेल काढताना इंजिन गरम होतं ना?" बाईंनी विचारलं.

"छे हो! आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवली होती तिला. जागची हलू दिली नाही."

बाईंना हसू आवरेना. "अहो काका, उभ्या गाडीत गाळ तळाशी बसतो. तुम्ही नेमका तोच पाठवलात! अर्धा तास फिरवा, मग पहिली धार सोडून मधली बाटलीत धरा."

"असं होय! मग लघवीसारखं, असं सांगायचं ना आधी!"

काका किल्ली घेऊन धावले, तर काकू आधीच गाडीत बसलेल्या.

"तू कशाला?"

"पेशंटबरोबर घरचं कुणीतरी नको?"

दुसरा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. काकूंनी तो दोनदा वाचला.

"बरं, राहू दे तिला," त्या म्हणाल्या. "तिच्या पोटाखाली चिकटवलेला कापूस तेवढा काढा आता."