ह्यांच्या हाताचा जोर

ह्यांच्या किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी डाव्या हातातल्या दोन नसा एकमेकींना जोडून दिल्या. डायलिसिसच्या सुया तिथेच टोचायच्या. घरी निघताना तिथली गुजराती सिस्टर मला म्हणाली, "बेन, रोज सकाळी इथे हात ठेवायचा. थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर तसेच निघून या."

नवागामला आमची एकच खोली. सासूबाईंसमोर मी कधी ह्यांच्या शेजारी बसले नव्हते, आणि आता रोज त्यांच्यादेखत ह्यांचा हात धरायचा. मी पदर पुढे ओढून घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, "लाजस काय वं? नवरा शे तुना." आणि लगेच, "नस चालस ना?" मी मान हलवायची.

कापडाचे लूम सुरू असताना कारखान्याच्या भिंतीला हात लावला की लागते, तशी ती थरथर होती. पुढे ती वाढत गेली. कोपराजवळची नस दोरखंडासारखी फुगली. आम्हाला बरंच वाटलं. हे उधन्याला लूमवर होते, मशीन जोरात चाललं म्हणजे सगळं ठीक, एवढंच आम्हाला ठाऊक. सासूबाई शेजारणींना बोलावून मुलाचा हात दाखवायच्या.

दम मात्र कमी होत चालला. जिन्यात हे मध्येच थांबायचे. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. पाय सुजले. पाणी तर मोजूनच प्यायचं होतं. "पानी चोरीसन पेस का रे?" सासूबाई विचारायच्या. "नही व माय," हे म्हणायचे. बोलायलाही त्रास व्हायचा.

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासताना फुगलेल्या नसेवर अंगठा दाबून धरला, दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी धरली. मग म्हणाले, "दाबलं की नाडी हळू होते. ह्या वाटेने फार रक्त धावतंय. एवढं रक्त फिरवून फिरवून हृदय थकलंय, मोठं झालंय. वाट अरुंद करावी लागेल."

सासूबाई मागे उभ्या होत्या. "चालती नस कसाले आवळतस? बंद पडनी ते सुया कोठे टोचशात?"

डॉक्टरांनी त्यांना खोटा धीर दिला नाही. बंद पडू शकते, म्हणाले. मग दुसऱ्या हातावर नवी करायची, आणि ती तयार होईपर्यंत मानेत नळी घालून डायलिसिस. न आवळली तर हृदय आणखी थकत जाणार.

हे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांच्या खोलीत मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "आवळा." आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

ऑपरेशननंतर मी हात ठेवला तर काहीच लागेना. डॉक्टरांनी कानाची नळी हातावर लावून ऐकलं आणि मान हलवली. नस चालू होती, हळू.

हृदय पूर्वीसारखं होणार नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. पण पायांची सूज उतरत गेली. एका दुपारी मी धुणं वाळत घालून आत आले, तर हे गोधडीवर सरळ पाठ टेकून निजले होते, तोंड उघडं. सासूबाई माझ्यामागून आल्या. मुलाला असं आडवं पडलेलं बघायची सवय राहिली नव्हती. त्या किंचाळल्या आणि खाली बसून ह्यांना गदागदा हलवायला लागल्या.

"काय शे माय? झोपू दे ना जरासं," हे म्हणाले आणि कूस बदलली.

सासूबाई तिथेच भिंतीला टेकल्या. तोंडात पदर धरून रडत राहिल्या, आवाज न करता.